कोट सुकतो एका दिवसात, पेटी तयार होते महिन्यात

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या देशांत साप, सरडे आणि पाली पाळण्याचा छंद चांगलाच रुळलेला आहे. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला ड्रॅगन, पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा लहानखुरा अजगर, न्यू कॅलेडोनिया बेटांवरची क्रेस्टेड गेको ही पाल, असे प्राणी तिथल्या घरांतून वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्यासाठी मोठी तयार पेटी महाग पडते, हव्या त्या मापात मिळत नाही, म्हणून अनेक जण प्लायवूड आणून पेटी घरीच ठोकतात. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, समोर सरकत्या काचा, असं तिचं सर्वसाधारण रूप. सांगाडा उभा राहिला की प्रश्न येतो, आतून काय लावायचं? मग पॉलीयुरेथेन की इपॉक्सी, या कंपनीचं की त्या कंपनीचं, याचा खल सुरू होतो. हा खल चुकीच्या जागी होतो असं मला वाटतं. पेटीतल्या प्राण्याची सुरक्षितता दोन गोष्टींवर ठरते. लावलेला कोट पूर्ण पक्का झाला आहे का, आणि तो कडा आणि सांध्यांपर्यंत पोहोचला आहे का. उत्तम माल लावून चौथ्या दिवशी प्राणी आत सोडला तर ती पेटी घातक ठरू शकते. बेताचा माल नीट लावून महिनाभर थांबलं तर बहुतेक वेळा पेटी चांगली होते.

भारतातल्या वाचकाने आधी कायदा ध्यानात घ्यायला हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथले साप, घोरपड, तारा कासव घरात पाळायला मनाई आहे. त्यात पेटी कितीही चांगली असली तरी फरक पडत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि बॉल पायथन त्यांत येतो. पेटीचा विचार ही पायरी ओलांडल्यानंतरचा.

लाकडाला आतून झाकावं का लागतं, ते आधी पाहू. लाकूड सतत हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत असतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातल्या पाण्याचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं; आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं, आणि तिथून पुढे बुरशीला मोकळं रान मिळतं. बॉल पायथनला कात नीट टाकता यावी म्हणून पेटीत ६० टक्क्यांच्या आगेमागे दमटपणा ठेवावा लागतो. क्रेस्टेड गेकोच्या पेटीत रोज पाणी फवारतात आणि आर्द्रता काही तास ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यात पाण्याचं भांडं उलटतं, प्राणी मूत्र आणि विष्ठा एकत्रच टाकतो, आणि वर दिव्याची ऊब असते. उघडं प्लाय अशा जागी काही महिन्यांत फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात, कोपरे काळे पडतात.

पण पेटी कुजते एवढंच असतं तर तो पैशांचा प्रश्न राहिला असता. खरी अडचण स्वच्छतेची आहे. जंतुनाशक पृष्ठभागावर काम करतं. लाकडाच्या रंध्रांत मुरलेल्या विष्ठेपर्यंत ते पोहोचत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू सर्रास असतात आणि ते माणसाला बाधतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने, कारण लहान मुलं ती तोंडात घालत. सापांवरचे माइट्स, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराच्या रक्तपिपासू किडी, अंडी घालतात ती अंधाऱ्या, दमट फटीत. साप धुतला, औषध लावलं, तरी पेटीच्या कोपऱ्यातल्या केसाएवढ्या भेगेतून पुढची पिढी बाहेर येते. या किडी सापांचे काही गंभीर आजार एकाकडून दुसऱ्याकडे नेतात असा पशुवैद्यांना रास्त संशय आहे. त्यामुळे आतला कोट चकचकीत आहे का हे दुय्यम, तो कुठेही न तुटता एकसंध आहे का हे महत्त्वाचं. आणि तो नेमका तुटतो तो सपाट फळीवर नव्हे, कडेला आणि सांध्यात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. रानात साप ओंडक्याखाली राहतो, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. तिथे कोण वॉर्निश मारतं? खरं आहे. पण रानातल्या ओंडक्याखाली विष्ठा पडली तर तिचा फडशा पाडणारे किडे, बुरश्या आणि माती तिथे हजर असतात, आणि जागा खराब झाली तर साप निघून जातो. पेटीतल्या सापाला जाता येत नाही. तो त्याच आठ चौरस फुटांच्या तळावर वीस-तीस वर्षं काढू शकतो, कारण बॉल पायथन तेवढा जगतो. जाता येत नाही हीच गोष्ट कोट लावण्याच्या बाजूने बोलते, आणि तीच गोष्ट घाईघाईने लावलेल्या कोटाच्या विरुद्धही बोलते.

त्यासाठी थोडा हिशेब करू. चार बाय दोन बाय दोन फुटांच्या पेटीत हवा असते १६ घनफूट, म्हणजे साडेचारशे लिटरच्या आसपास. समोरची काच सोडली तर कोट लावलेला पृष्ठभाग भरतो ३२ चौरस फूट. म्हणजे हवेच्या एका घनफुटामागे दोन चौरस फूट कोट. आता दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या आणि तिच्या चारही भिंती आणि छत रंगवा. रंग लागला ५६० चौरस फुटांना, हवा १२०० घनफूट, म्हणजे घनफुटामागे अर्धा चौरस फूटही नाही. त्याच हवेच्या मानाने पेटीतल्या प्राण्याभोवती चौपटीहून जास्त कोट आहे. शिवाय खोली रंगवल्यावर आपण खिडक्या उघडतो, दोन रात्री नातेवाइकांकडे झोपायला जातो. पेटीतला प्राणी चोवीस तास आतच असतो, आणि पेटी मुद्दाम गरम ठेवलेली असते. दाढीवाल्या ड्रॅगनच्या शेकण्याच्या जागी ४० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. उष्णतेने कोटातून बाहेर पडणारी द्रव्यं वाढतात, आणि थंड रक्ताचा प्राणी नेमका त्या तापलेल्या कोपऱ्याशीच जाऊन बसतो, कारण त्याला तिथे बसल्याशिवाय अन्नही पचत नाही.

त्यातून त्याच्या शरीराची रचना. साप आणि सरड्यांना आपल्यासारखं स्नायूंचं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोराने खोकून छातीतला कफ बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. फुप्फुसात शिरलेली घाण तिथेच साचते, आणि श्वसनाचे आजार या प्राण्यांत वारंवार दिसतात ते यामुळेही. सापाची जीभ हवेतले कण गोळा करून टाळूतल्या जेकबसन इंद्रियाला पोहोचवते. ज्या हवेचा आपल्याला फक्त वास येतो ती तो अक्षरशः चाटत असतो. आणि हे प्राणी आजार लपवतात. अन्न सोडणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे येणं ही लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आता कोटाच्या आत काय घडतं ते पाहू, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. घराचा स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवशी त्यावर पाय ठेवता येतो, पण त्याचं क्युरिंग पुढे चालू राहतं आणि त्याची ताकद २८ दिवसांनी मोजतात, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वॉर्निशच्या बाबतीत मात्र हाताला चिकटत नाही म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. पाण्यात मिसळलेल्या पॉलीयुरेथेनमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. याला दोन ते चार तास लागतात. पण हे कण नीट जुळावेत म्हणून त्यात ग्लायकॉल ईथरसारखे जड विद्रावक घातलेले असतात, आणि ते तयार झालेल्या पापुद्र्यातून वाट काढत फार हळू बाहेर पडतात. म्हणूनच कोट पूर्ण पक्का व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. तेलावरच्या पॉलीयुरेथेनचं दुखणं निराळं. त्यातलं टर्पेंटाइनसारखं विद्रावक लवकर उडतं, पण उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आठवडेच्या आठवडे घट्ट होत राहतं, आणि त्या प्रक्रियेत तिखट वासाची अल्डिहाइड द्रव्यं सुटत राहतात. इपॉक्सी या दोघांहून वेगळं. त्यात राळ आणि हार्डनर एकमेकांशी जोडले जाऊन घन होतात, उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं, आणि साधारण आठवडाभरात काम पूर्ण होतं. पण त्याची अट कडक आहे. दोन्ही भागांचं प्रमाण चुकलं, किंवा डब्याच्या तळाशी नीट ढवळलं गेलं नाही, तर न जोडलेला हार्डनर तसाच राहतो आणि कितीही थांबलं तरी तो भाग चिकटच राहतो. असा चिकट पट्टा खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही. त्यावर दुसरा कोट चढवणं म्हणजे दोष झाकणं.

आपल्याकडच्या सुताराला विचारलं तर तो बहुधा मेलामाइन पॉलिश सुचवील, कारण फर्निचरवर ते देखणं दिसतं. पेटीच्या आत ते नको. आम्लाच्या साहाय्याने घट्ट होणाऱ्या या पॉलिशमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि तेही बराच काळ. फॉर्मल्डिहाइडचा विषय निघालाच आहे तर प्लायबद्दलही बोललं पाहिजे. साध्या एमआर प्लायचे थर आणि एमडीएफचे तंतू युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेले असतात. ऊब आणि ओल मिळाली की ही राळ हळूहळू विघटते आणि वायू सोडते. पेटीत या दोन्ही गोष्टी भरपूर. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेलं, फिनॉल फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात. ती राळ पाण्याला पुष्कळ टिकते आणि वायूही खूप कमी सोडते. चारशे-पाचशे रुपयांच्या वॉर्निशवर तासभर चर्चा करायची आणि पेटी मात्र स्वस्तातल्या एमडीएफची करायची, यात काही अर्थ नाही.

मग नैसर्गिक काही लावलं तर? जवसाचं तेल, मेण, लाख? हा पर्याय मनाला पटतो, पण पुराव्यापुढे टिकत नाही. जवसाचं तेल लाकडात मुरतं, पाणी अडवणारा सलग पापुद्रा करत नाही, आणि वाळताना तेही अल्डिहाइड सोडतं. बाजारात मिळणाऱ्या उकळलेल्या तेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. मेण दिव्याखाली मऊ पडतं. चपडीचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश खरोखर सौम्य असतं. स्पिरिट उडून गेलं की मागे उरते ती लाखच. पण चपडीवर ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, हे जुन्या टेबलांवर कुणीही पाहिलं असेल. रोज पाणी फवारायच्या पेटीत ती कशी टिकणार? अमोनियासारख्या अल्कधर्मी द्रव्याने पुसली तर ती विरघळते. कोरड्या वाळवंटी सरड्याच्या पेटीत, जिथे पाणी जवळपास नसतं, तिथे चपडीचा विचार करायला हरकत नाही, इतकंच.

डब्यावरच्या शब्दांवर भिस्त ठेवणारेही पुष्कळ. अन्नासाठी सुरक्षित, मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षित, कमी व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं कमी. हे दावे खोटे नसतात, पण ते वेगळ्या प्रश्नाची उत्तरं देतात. अन्नासाठी सुरक्षित याचा अर्थ पूर्ण पक्क्या झालेल्या कोटातून अन्नात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काही उतरत नाही. पक्क्या झालेल्या, ही अट त्यातच आली. खेळण्यांचं युरोपीय मानक मुख्यतः शिसं, कॅडमियम यांसारखे धातू मुलाच्या पोटात किती जातील ते मोजतं. पहिल्या आठवड्यातल्या हवेबद्दल ते काही सांगत नाही. आणि व्हीओसीचे अमेरिकी नियम मुळात शहरांवरच्या धुरक्याचा, म्हणजे जमिनीलगतच्या ओझोनचा विचार करून आखले गेले. म्हणून ओझोन फारसा न बनवणारं ॲसिटोन १९९५ मध्ये त्या मोजणीतून वगळलं गेलं. कमी व्हीओसीचा डबा निवडावाच. पण त्या शब्दांनी प्रतीक्षेचे दिवस कमी होत नाहीत.

सांध्यांकडे वळू, कारण बहुतेक पेट्या तिथेच फसतात. प्लायच्या कडेला लाकडाच्या नळ्यांची कापलेली तोंडं उघडी असतात, आणि त्यातून पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने शिरतं. म्हणून फळीला तीन कोट द्यायचे असतील तर कडेला पाच द्यावेत, आणि तेही फळ्या सुट्या असतानाच, कारण जोडल्यावर ब्रश तिथे जात नाही. वायरींची आणि हवेची भोकं आधी पाडायची. नंतर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे उघडी कड. दोन कोटांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर मारून धूळ पुसायची, म्हणजे पुढचा कोट धरतो. बाहेरची बाजूही कोरी सोडू नये. एक बाजू बंद आणि एक उघडी असली की फळी वाकते आणि काचा सरकेनाशा होतात. सिलिकॉनचा क्रम तर हमखास चुकतो. वॉर्निश सिलिकॉनवर चिकटत नाही, त्यामुळे सिलिकॉन आधी भरून वर कोट मारला की तो सोलवटून निघतो. आधी सगळे कोट, ते घट्ट झाल्यावर जोडणी, आणि शेवटी प्रत्येक आतल्या कोपऱ्यात सिलिकॉनची गोलाई.

हे सिलिकॉनही पाहून घ्यावं लागतं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ते पेटीत नको. मत्स्यालयासाठीचं चालतं. ते घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा. झोंबतो, पण जातो. ‘न्यूट्रल’ म्हणून विकलं जाणारं सिलिकॉन नाकाला सुसह्य असतं आणि म्हणून लोक ते पसंत करतात, मात्र त्यातल्या अनेक प्रकारांतून ऑक्सिम वर्गातलं जे द्रव्य बाहेर पडतं ते ॲसेटिक आम्लाहून जास्त काळजीचं आहे. कमी वास म्हणजे कमी धोका, हे समीकरण इथे साफ कोलमडतं. सिलिकॉन हवेतलं बाष्प घेऊन बाहेरून आत घट्ट होतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. जाड थर असेल तर आठवडा लागतो. टोरंटोच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या घरात तो आणखी रेंगाळतो. कोकणातल्या पावसाळ्यात याच्या बरोबर उलट, सिलिकॉन लवकर धरतं आणि पाण्यावरचं वॉर्निश दिवसचे दिवस ओलसर राहतं.

सर्वांत मोठा आक्षेप अनुभवाचा. कितीतरी लोकांनी तीन-चार दिवसांत प्राणी आत सोडले आणि काही झालं नाही, मग महिना कशाला? पण काही झालं नाही म्हणजे काय? तो प्राणी त्या आठवड्यात मेला नाही, एवढंच. महिनाभराने त्याचं खाणं कमी झालं किंवा छाती भरली, तर दोष हिवाळ्याला, उंदराला किंवा दिव्याला दिला जातो. वॉर्निश कुणाच्या डोक्यात येत नाही. दुसरीकडे थांबण्याची किंमत पाहा. बॉल पायथन साध्या प्लास्टिकच्या झाकणाच्या टबात, भोकं पाडून आणि ऊब देऊन, महिनाभर सहज राहतो. थांबून काही बिघडत नाही आणि घाईने बिघडू शकतं, तेव्हा पुरावा मागायचा तो घाई करणाऱ्याकडून.

थांबणं म्हणजे नुसतं कॅलेंडर पाहणंही नव्हे. पहिले दोन आठवडे पेटी काचा काढून हवेशीर जागी ठेवावी. तिसऱ्या आठवड्यात आत दिवा, हीटर आणि थर्मोस्टॅट बसवून प्राण्याशिवाय पेटी रोजच्या तापमानावर चालवावी. जे सुटायचं ते उष्णतेने लवकर सुटतं. रात्रभर काचा बंद ठेवून सकाळी उघडताच नाक आत घालावं. वास आला तर पेटी तयार नाही. वास आला नाही तरी लगेच खूश होऊ नये, कारण रोज त्या खोलीत वावरणाऱ्याचं नाक सरावतं. बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला सांगणं बरं. एका कोपऱ्यात नख दाबून पाहावं; खूण उमटली तर कोट अजून मऊ आहे. तळाशी रात्रभर पाणी साचवून ठेवावं आणि सकाळी कडा तपासाव्यात. कुठे फुगवटा किंवा गडद डाग दिसला तर तिथे कोट तुटलेला आहे. उष्ण दिव्याच्या अगदी जवळचा भाग वेगळा तपासावा, कारण घरगुती इपॉक्सी ५०–६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि अतिनील दिव्याखाली ते पिवळं पडून भुकटतं. तिथे इपॉक्सीवर पॉलीयुरेथेनचा एक थर द्यावा, किंवा दिवा फळीपासून लांब टांगावा.

एवढं केल्यावर पेटी अनेक वर्षं चालते, पण कायमची नाही. सरड्याची नखं शेकण्याच्या जागेजवळ कोट खरवडतात, पाण्याच्या भांड्याखाली ओल धरते, जंतुनाशक दर साफसफाईला थोडा थोडा थर खातं. वर्षातून एकदा पेटी पूर्ण रिकामी करून कडा हाताने चाचपाव्यात. जिथे खरखर लागेल तिथे घासून नवा कोट द्यावा लागतो, आणि त्या हातभर डागालाही तेच तीन-चार आठवडे लागतात. म्हणून प्राण्याचा पहिला प्लास्टिकचा टब, त्याच्या थर्मोस्टॅटसह, टाकून न देता जपून ठेवलेला बरा.